काकूंनी सर्व्हर पुन्हा बंद केला

हॉस्पिटलात त्यांना सगळे काकूच म्हणायचे, अगदी वयाने मोठे असलेले सर्जनसुद्धा. आधी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ते बंद पडलं तेव्हा लेकीच्या सोबतीने कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागल्या. लेकीने तो अर्ध्यावर सोडला, काकूंनी पुरा केला आणि इथल्या सर्व्हर रूममध्ये नोकरी मिळवली. पलीकडचा माणूस कितीही ओरडला तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, ही एक्स्चेंजची सवय मात्र कायम राहिली.

त्या सकाळी विजेच्या कामासाठी रक्तपेढीचा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता. काकू पर्स ठेवतात न ठेवतात तोच रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"काकू, सगळं गेलं! स्क्रीनवर एकही पिशवी दिसत नाही. शून्य!"

"फ्रीजमध्ये आहेत ना पिशव्या?"

"आहेत हो! पण थिएटरमधून मागणी आलीय, आणि कुणासाठी काय राखलंय ते सगळं मशीनमध्ये."

"मग तुम्ही पिशव्यांची लेबलं वाचा, जुळवणी हाताने करा. मशीनचं मी बघते. तोवर स्क्रीनवर कुणी काही भरू नका."

काकूंचे साहेब, ज्यांना सगळे दादा म्हणत, आधीच घाम पुसत उभे होते. "प्रोग्रॅम सुरूच होत नाहीये. दर वेळी एरर. बॅकअप टाकून मोकळे होऊ या."

"काय बिघडलंय ते कळायच्या आत? अजिबात नाही," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

एररची शेवटची ओळ लांबलचक होती, पण तिच्यात काही दम नव्हता. सुरू होता आलं नाही, एवढंच रडगाणं. काकू वर वर सरकत गेल्या आणि पहिल्या तक्रारीपाशी थांबल्या. पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅमची बसायची ठरलेली जागा, आधीच वापरात आहे.

"दादा, आपला प्रोग्रॅम धडधाकट आहे. त्याच्या जागेवर दुसरंच कुणीतरी बसलंय."

"कोण बसणार?"

"तेच शोधायचं. कुणीच नसतं तर स्क्रीनवर 'संपर्क होत नाही' असं आलं असतं. इथे शून्य येतंय. म्हणजे कुणीतरी उत्तर देतंय, पण त्याच्या घरात काहीच नाही."

त्यांनी पोर्ट कुणाकडे आहे ते मशीनलाच विचारलं. उत्तरात फोल्डरचं नाव आलं आणि दादांचा चेहरा पडला.

"अरे देवा. ही आपल्याच प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती, मी चाचणीसाठी टाकली होती. पण मी ती बंद केली होती, काकू!"

"बंद केलीत. पण मशीन चालू झालं की आपोआप उठायचं, ही सेटिंग तशीच ठेवलीत. त्यानंतर मशीन आजच पहिल्यांदा बंद झालं. ती आधी उठली, जागा पटकावून बसली."

दादा कान धरून हसले. काकूंनी ती चाचणीची आवृत्ती थांबवली, तिचं आपोआप उठणं काढून टाकलं आणि खरा प्रोग्रॅम सुरू केला. एकही एरर नाही. रक्तपेढीतून फोन आला, "आल्या! सगळ्या पिशव्या आल्या!" थिएटरचं रक्त तोवर हाताने जुळवून रवानाही झालं होतं.

दादांचा जीव भांड्यात पडला. ते चहाचं विचारणार, तेवढ्यात काकूंनी रक्तपेढीला फोन लावला. "डॉक्टरीणबाई, आत्ता कुणाची घाई नाही ना? थोडा वेळ सर्व्हर बंद करतेय."

"अहो, चालू झालंय ना!" दादा जवळजवळ किंचाळले. "कशाला हात लावताय?"

"माझ्या हाताने चालू झालंय. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा मी घरी असेन. आपलं आपण उठतंय का, ते बघायला नको?"

पंखे थांबले. मग पुन्हा घोंघावू लागले. दादा नखं खात उभे होते. काकू मात्र डबा उघडून निवांत खात बसल्या, कारण सकाळच्या गडबडीत त्या उपाशीच निघाल्या होत्या. स्क्रीनवर पिशव्यांची यादी आपोआप उमटली, तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसता अंगठा वर केला.