बाईंनी निवडलेला कॅमेरा

बाईंना कुणी शपथ घेतलेली आवडत नसे. "शपथ नको, सिद्ध कर," म्हणायच्या. आम्हाला त्या भूमिती शिकवत. उत्तर बरोबर असलं तरी रीत चुकली की हातावर पट्टी बसायची. मीही ती पुष्कळ खाल्ली. मोठेपणी इंदिरानगरला घर घेतलं, तर शेजारच्याच बंगल्यात बाई, त्यांचा मुलगा मुकुंद आणि सून. खुबा मोडल्यापासून बाई काठी घेऊन हळूहळू चालत.

एकदा माझ्या बायकोला त्यांच्या दंडावर काळेनिळे वळ दिसले. "पडले," म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते त्यांना नीट जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, "सुधीर, घरात कॅमेरे लावतात म्हणे हल्ली. मला दुकानात घेऊन चल." मुकुंदला मात्र त्यांनी सांगितलं, पुन्हा तोल गेला तर कळायला हवं. गल्लीत नुकतीच चोरी झाली होती, त्यामुळे तोही लगेच तयार झाला.

एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने काउंटरवर कॅमेरे मांडले. अर्ध्या चेंडूसारखा एक, नळीसारखा लांबट एक. "आजी, हा गेटवर लावा. पावसातही चालतो."

"मला पलंगासमोर हवाय. चेहरा ओळखू येईल का?"

"येईल की. पण यात आवाज येत नाही हं."

"आवाज नको. शिव्या मला पाठ आहेत. हात दिसला म्हणजे झालं."

दुकानदार हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला.

परतताना रिक्षात मी विचारलं, मुकुंदला सरळ का नाही सांगत? "सांगितलं. तो म्हणाला, तुझं वय झालं, तुला भास होतात." थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मारलं मीही तुम्हाला. पण सगळ्या वर्गासमोर. दार लावून नाही."

पहिले काही दिवस सून जपून वागली. तिला वाटे, समोर टीव्ही लावून कुणी बसलं तरच त्यात दिसतं. टीव्हीखालच्या पेटीत सगळं चित्रण साठतं हे तिला ठाऊक नव्हतं. पुढे तिचं कॅमेऱ्याकडे लक्षही जाईनासं झालं.

एका रविवारी ती माहेरी गेली होती. बाईंनी मला आणि मुकुंदला समोर बसवलं आणि मागचं चित्र लावायला सांगितलं. पडद्यावर सून ताट घेऊन आली. बाईंच्या हातून वाटी कलंडली. सुनेने ताट बाजूला ठेवलं, दार लावलं आणि बाईंच्या तोंडात मारली. चष्मा उडाला. बाई पलंगाखाली हात घालून तो चाचपडत राहिल्या आणि सून कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग तिने पायानेच चष्मा आणखी आत सरकवला.

मुकुंदने ते पुन्हा लावायला सांगितलं. पाहून झाल्यावर म्हणाला, "हे अजून कुणी पाहिलंय?"

"सुधीरनं," बाई म्हणाल्या. "आत्ता, तुझ्याबरोबर."

"बाहेर बोलू नकोस," तो मला म्हणाला. मग आईकडे न बघता म्हणाला, "तीही दिवसभर दमते, आई. उद्या माणूस बोलावून कॅमेरा गेटवर लावतो. चोर तिकडूनच येतात."

संध्याकाळी मला बाईंचा निरोप आला, "सटाण्याला बहिणीकडे सोडशील?" मी गाडी काढली तेव्हा मुकुंद कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होता. "पोचल्यावर फोन कर," एवढं म्हणाला.

सटाण्याला मी अधूनमधून जायचो. बाई अंगणात शेजारच्या बायकांना सांगत असायच्या, माझ्या मुलानं माझ्या काळजीपोटी खोलीत कॅमेरा लावला होता, ऑफिसातून आला की आधी माझंच बघायचा. एकदा मी न राहवून विचारलं, असं का सांगता?

"खरं सांगितलं तर त्या मलाच विचारतील, असा कसा वाढवलास," बाई म्हणाल्या. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही रे."

मुकुंद तिथे आला तो बाई गेल्यावर. तेराव्याला सूनही होती, डोळ्यांना पदर लावून. एका म्हातारीने सगळ्यांदेखत मुकुंदच्या तोंडावरून हात फिरवला. "असा पोऱ्या नशीबवान मायलेच भेटस," ती म्हणाली. कॅमेऱ्याची गोष्ट तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यालाच ऐकवली.

मुकुंदने ती पूर्ण ऐकून घेतली आणि हात जोडले. "कर्तव्यच होतं माझं," तो म्हणाला.