वाघ, दोन कोयते आणि मी

आमच्या बांद्याकडच्या बारा गावांवर एके काळी एका देसाई घराण्याची देसगत होती. तिचं एक चिन्ह होतं, आणि ते पितळी बिल्ल्यावर ठोकून शिपायांच्या पट्ट्याला लावत. माझे आजोबा त्या शिपायांपैकी एक. देसगत गेली, आजोबाही गेले. बिल्ला तेवढा घरात राहिला.

खंडेनवमीला आम्ही कोयता, पारय आणि फावड्याच्या शेजारी तो बिल्ला पुजायचो. आदल्या दिवशी तो घासायचं काम माझं. आमसुलाचं पाणी, चुलीतली राख आणि नारळाच्या काथ्याचं सोडण घेऊन मी विहिरीवर बसायचो आणि बिल्ला लखलखेपर्यंत हात थांबवायचो नाही. बाबा शाबासकी द्यायचे. मी चित्रकलेचा मास्तर झालो तरी हे काम दुसऱ्याला देत नव्हतो. पन्नासेक वर्षांत बिल्ला इतका चकचकीत झाला की त्यावर काही उरलंच नाही. माझं लक्ष चकाकीवर, चित्र मी कधी नीट पाहिलंच नाही, मूर्खपणा दुसरं काय!

निवृत्त झाल्यावर गावच्या शाळेची मंडळी घरी आली. नव्या प्रवेशद्वारावर देसगतीचं चिन्ह बसवायचं होतं. बिल्ला तुमच्याकडे, चित्रकार तुम्हीच, मग काढून द्या, म्हणाले. मी छाती फुगवून हो म्हटलं. रात्री भिंग घेऊन बसलो तेव्हा हाताला लागली एक वाकडी रेघ आणि खाली दोन तिरप्या खुणा. झिजलंय, कळत नाही, एवढं सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. वाकड्या रेघेची मी वाघाची शेपटी केली, खुणांचे दोन कोयते केले, खाली लाटा काढल्या. शिवाय अर्थही लिहून दिला: वाघ म्हणजे पराक्रम, कोयते म्हणजे कष्ट, लाटा म्हणजे तेरेखोल नदी. सगळ्यांना फार आवडलं.

सिमेंटचं चिन्ह रंगवायला आमच्या ओसरीवर आणलं. बाबांना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. ते काठी टेकत आले, खाली बसले आणि वाघावरून सावकाश बोटं फिरवू लागले. लहानपणी त्यांनी तो बिल्ला आजोबांच्या कमरेला रोज पाहिला होता. तो तसा पाहिलेले आता एकटे तेच उरले होते.

"ह्यो वाघ नाय रे," ते म्हणाले. "मधी दुसराच कायतरी होता. थांब, माका आठवतला."

मी थांबलो नाही. चार दिवसांवर कार्यक्रम, पत्रिकांवर वाघ छापून झालेला, खाली माझं नाव.

"बाबा, तुमका आता कितकासा दिसता?" मी खेकसलो. "वाघच आसा तो."

त्यांनी बोटं काढून घेतली. ते उठताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

कार्यक्रम थाटात झाला. पुढे शाळेतली मुलं वहीपेन घेऊन बाबांकडे माहिती विचारायला यायची. एकदा मी दारात उभा राहून ऐकलं. बाबा वाघाचं वर्णन करत होते, अगदी मिशांसकट. पराक्रम, कष्ट, तेरेखोल, सगळं माझ्याच शब्दांत. मुलं भराभर लिहून घेत होती.

मुलं गेल्यावर मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. आधीच विचारायला हवं होतं, ते तेव्हा विचारलं.

"बाबा, त्या दिवशी तुमका मधी कायतरी वेगळा आठवत होता. काय होता ता?"

 ते हसले आणि चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"वाघच होतो रे. माकाच तेव्हा भास झालो असतलो. तू मास्तर. तू खोटा कित्याक काढशीत?"