आ कर

"हे बघा. नशेच्या गोळ्या मागायला सरकारी दवाखान्यात येतात. डोळे बघा हिचे."

डॉक्टर हे मला सांगत नव्हता, माझ्या मागच्या रांगेला सांगत होता. माझ्या हातातली गोळ्यांची रिकामी पट्टी त्याने घेतली होती आणि मेलेली पाल शेपटीला धरावी तशी दोन बोटांत वर धरली होती. आषाढ होता, जव्हारचा बाजाराचा दिवस होता, रांग बाहेरच्या पायरीपर्यंत गेलेली. रांगेत आमच्या पाड्यातल्या बाया. ज्यांच्या खाचरात मी लावणीला जाते ते मास्तर. आणि माझा पदर धरून माझी पोर.

"यांना दारू पुरत नाही आता," डॉक्टर म्हणाला. "सर बाजूला. पुढचा कोण?"

मी बाजूला सरले. नाक गळत होतं ते पुसलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मास्तर हसले नाहीत, त्यांनी भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं. ते हसले असते तर बरं झालं असतं.

पट्टी त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला ती परत हवी होती. एवढा अपमान झाला आणि माझा जीव त्या रिकाम्या पट्टीत होता. हे सांगताना मला आजही लाज वाटते. वाटू दे.

आता एक ऐका. मी दारूला कधी तोंड लावलेलं नाही. लग्नात नाही, होळीला नाही. नवरा पिऊन आला की मी त्याला ओट्यावर झोपवायची आणि सकाळी चार शब्द सुनवायची. पाड्यात मला सगळ्या बाया वचकून असायच्या. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, त्याचाही तोरा होता. त्यामुळे डॉक्टर 'नशा' म्हणाला तेव्हा मला आधी वाटलं, हा दुसऱ्या कुणाला बोलतोय. मी तर तापाचं औषध मागत होते. भट्टीच्या तापाचं.

तो ताप तुमच्याकडे येत नाही, म्हणून सांगते.

आमचा पाडा जामसरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून खाली उतरलं की. आमच्या नावावर जमीन नाही. पावसात दुसऱ्यांच्या भातात राबायचं आणि दिवाळी सरली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं. भट्टीवर एकट्या माणसाला घेत नाहीत, जोडी लागते. नवऱ्याने माती तुडवायची, बायकोने साच्यात थापायची. पोरं, म्हातारी सगळी बरोबर. पाऊस लागला की परत.

परत आलं की दुसऱ्या दिवसापासून ताप धरतो. नाका-डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा. हाडं कुणी पिरगाळतंय असं वाटतं. जुलाब लागतात. पाय झोपेतसुद्धा झटके देतात, म्हणजे झोप लागलीच तर. आणि नेमकी हीच लावणीची वेळ. चिखलात वाकलेली असताना मी किती वेळा बांधाकडे पळालेय, आणि बांधापर्यंत पोचले नाही असंही झालंय. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मास्तरांची बायको म्हणायची, "भट्टीवाल्यांना नका आणू कामाला, निम्मा दिवस झुडपातच असतात."

पाड्यात याचं कुणाला नवल नाही. सगळ्यांनाच येतो. भगताने सुपात तांदूळ टाकून सांगितलं होतं, भट्टीची धग मागे लागून येते, परत भट्टीवर गेल्याशिवाय पुरती सोडत नाही. आणि त्याचं खरं व्हायचं. पावसाळाभर अंग कसं रिकामं रिकामं वाटायचं, कशात जीव लागायचा नाही. दिवाळीनंतर टेम्पोत बसलं की गावाची वेस ओलांडेपर्यंत सगळं ठीक. मग भगताला खोटं कोण म्हणणार?

टेम्पोत बसताना आम्ही काय गिळत होतो, ते कुणी धरलंच नाही.

भट्टीवर दिवस गोळीने उघडायचा. चहा व्हायचा आणि मुकादम माचीवर येऊन उभा राहायचा. आम्ही रांगेत. तो "ताकदीची गोळी" म्हणायचा, आम्हीही तेच म्हणायचो. गोळी तो हातावर देत नसे. "तुमचे हात चिखलाचे," म्हणायचा. "आ कर." बाप्ये, बाया, माझ्या सासऱ्याच्या वयाची माणसं. सगळी तोंड वर करून, आ करून उभी. तो स्वतःच्या बोटांनी जिभेवर गोळी ठेवायचा. बोटांना तंबाखूचा वास. मग म्हणायचा, "जीभ उचल." कुणी जिभेखाली लपवली नाही ना ते बघायला. एकदा त्याच्याकडून एक रिकामी पट्टी खाली पडली, नाव फाटलेली, ती मी उचलून ठेवली; दवाखान्यात नेली ती तीच.

सुरुवातीला मला ओकारी आली होती. गोळीची नाही, त्याच्या बोटांची. पण उन्हं चढेपर्यंत कंबर दुखायची थांबली. हात आपोआप चालायला लागले. विटा थापताना मी गुणगुणले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मला वाटलं, देवमाणूस आहे, औषध फुकट देतो. पुढे पुढे बोटांची किळस गेली. नंतर तर मी रांगेत पुढे जागा धरायला लागले.

आगाऊ पैसे देऊन भट्टीवर बांधून ठेवतात, त्याबद्दल सगळे बोलतात, सभा घेतात. या गोळीबद्दल मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. आम्हीच बोललो नाही, तर दुसरा कोण बोलणार?

मागच्या वर्षी पोरीला जोराचा ताप आला. खराखुरा ताप, अंगाला हात लावला तर चटका बसेल असा. मी मुकादमाला सांगितलं, आज मी थापणार नाही, पोरीपाशी बसते. रांगेत माझी पाळी आली तेव्हा मी आ केला आणि तो मला वगळून पुढच्या बाईकडे गेला. बस, एवढंच. ओरडला नाही, हात उचलला नाही.

दुपार कलायच्या आत मी पोरीला झोपडीत तशीच टाकून त्याच्याकडे गेले. त्याचे पाय धरले. तो खाटेवर बसून मोबाइल बघत होता.

"काय झालं? पोरगी बरी झाली काय?"

"चुकले, दादा."

"थापणार?"

"थापते."

"आ कर."

मी आ केला. गोळी जिभेवर पडली आणि मला रडू फुटलं, ते सुटल्याचं रडू. मागे वळले तर पोर झोपडीच्या दारात उभी. तापाने लाल झालेली, भिंतीला धरून. तिने सगळं बघितलं होतं. मी तिच्याजवळ गेले नाही. साच्याकडे गेले.

आता कळलं असेल, त्या डॉक्टरचा शब्द मला एवढा का लागला. त्याने मला रांगेसमोर उघडं केलं, माणूस म्हणून विचारलं नाही, नाडीला हात लावला नाही. त्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही. पण शब्द खरा होता. खोटा असता तर मी त्याच्याशी भांडले असते. भांडायला मी कमी नाही.

एसटीने परत येताना पोर खिडकीपाशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आये, नशा तर बा करतो ना?"



घरी येऊन गोधडीत कुडकुडत पडले होते, आणि डोक्यात तेच फिरत होतं. नशा. नशा कशी? सगळ्या भट्टीवाल्यांना ताप येतो. मग मनात आलं, सगळ्यांना? पोरांना कुठे येतो? तोच धूर त्यांनी खाल्ला, तेच पाणी प्याली, तिथल्याच राखेत लोळली. परत आल्यावर पोरं ओढ्यात उड्या मारत असतात. सासूलाही कधी आला नाही. ती आमच्याबरोबर सगळे महिने काढते, पण ती फक्त भाकऱ्या करते. रांगेत ती कधी उभी राहत नाही. मुकादम तिला म्हणतो, म्हातारीला कशाला हवी ताकद?

मग हा ताप भट्टीचा कसा?

मी उठून बसले. अंगाला घाम फुटला होता. सातवी शिकले, अन् एवढं साधं मला कधी सुचलं नाही.

तो ताप आपोआप उतरला, दरवर्षी उतरतो तसा. मी नवऱ्याला सांगितलं. तो चिडला. "डॉक्टराचं ऐकून शहाणी झालीस काय? अख्ख्या पाड्याला येतो ताप. अख्खा पाडा नशेडी हाय काय?"

"हा," मी म्हणाले.

तो ताटावरून उठला. मग पाड्यातल्या बायांना सांगून बघितलं. त्या एकमेकींकडे बघायच्या. दवाखान्यात त्यांनीच मला बघितलं होतं ना. नशेडी बाईचं कोण ऐकणार?

खरं सांगायचं तर तोवर मीही पक्की नव्हते. मनात म्हणायची, यंदा जाऊ, कमी घेऊ. एक दिवसाआड घेऊ. असं मन लबाडी करतं.

गणपती बसायच्या सुमाराला पोरं अंगणात खेळत होती. मी सूप घेऊन नाचणी पाखडत बसले होते. खेळ काय तर भट्टी. माझी पोर पाट्यावर उभी, मुकादम झालेली. मुठीत चिंचोके. बाकीची पोरं रांगेत. "आ कर," ती म्हणायची, अगदी त्याच्या आवाजात, मान तशीच वाकडी करून. पोरं आ करायची, ती चिंचोका ठेवायची. "जीभ उचल." रांग संपली तशी ती माझ्याकडे वळली.

"आये, आ कर."

आणि मी आ केला.

विचार करून नाही. सूप मांडीवर तसंच, मान वर झाली आणि तोंड उघडलं गेलं. पोरीने जिभेवर चिंचोका ठेवला. पोरं टाळ्या पिटत हसली. ती हसली नाही. भट्टीच्या झोपडीच्या दारातून बघत होती तशीच बघत होती. मी चिंचोका थुंकला आणि घरात जाऊन चुलीपाशी तोंड लपवून बसले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. डॉक्टरपुढे नव्हती वाटली इतकी लाज वाटली. पोरगी आज खेळात देतेय. आणखी थोडी वर्षं, की ती साच्यावर बसेल आणि रांगेत माझ्या मागे उभी असेल. त्याच्या बोटांपुढे. आ करून.

तिथे ठरलं.

दिवाळी सरली आणि टेम्पो आला. पहिली गोळी पाड्यातच मिळते, उंबराखाली, गाडीत चढायच्या आधी. "वाटेत अंग धरायला नको," असं मुकादम म्हणतो. पावसाळाभर कुणाच्या पोटात गोळी नसते, ताप केव्हाच उतरलेला असतो, तरी रांग लागते. मीही लागले. नवऱ्याला वाटलं, आली ताळ्यावर. त्याने आ केला, घेतली, बाजूला झाला.

माझी पाळी. पट्टी फोडल्याचा आवाज आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतके महिने झाले होते, तरी सुटलं. मी दात आवळले.

"आ कर."

मी नाही केला. त्याने बोटं ओठांना लावली. तोच तंबाखूचा वास. मी त्याचा हात बाजूला केला.

"आज माझे हात धुतलेले हायत," मी म्हणाले आणि तळवा पुढे केला. "हातावर दे. पट्टी पण दे. नाव वाचायचंय."

"वाचून काय करशील?"

"जव्हारला जाऊन सांगीन कोण देतो ते."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पट्टीकडे, आणि पट्टी खिशात घातली. सगळ्यांनी ते बघितलं. ताकदीची गोळी असती, तर खिशात कशाला लपवली असती? एवढं त्यांना कळलं असेल, असं मला वाटलं.

मुकादम नवऱ्याला म्हणाला, "जोडी मोडली तुझी. एकटा आलास तर माती उकरायला घेतो. चढ." नवरा माझ्याकडे वळला. शिवी देईल असं वाटलं. त्याने दिली नाही. तो चढला. मागोमाग रांग चढली. कुणीही मागे राहिलं नाही. मी, सासू आणि पोर उंबराखाली उरलो.

पाऊस लागला की टेम्पो परत येईल. नवरा उतरेल आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाक गळायला लागेल. मी त्याला भगताकडे नेणार नाही. जव्हारला नेणार, त्याच दवाखान्यात, बाजाराच्या दिवशी, भरल्या रांगेत. डॉक्टर ओरडला तर ओरडू दे. मीच मोठ्याने सांगणार, हो, याला नशा आहे. मलाही होती. आता विचार, आम्हाला ही कुणी लावली. त्याचं नाव मी सांगते, तू लिही.

सर बाजूला, म्हणेल तो. मी सरणार नाही.