खालच्या बोल्टवरची हळद

तो बोर्ड मी लेकीच्या प्रेमापोटी बनवला, असं आमच्या सोसायटीतल्या बायका सांगत फिरतात. साफ खोटं आहे. तो मी रागाच्या भरात बनवला, तिला खोटं पाडायला.

माझा राग नाकावर. अंबडच्या एका कारखान्यात वीस वर्षं मी इन्स्पेक्शनला आहे. हातात मापं घ्यायचा व्हर्नियर, समोर मशीनवरून उतरलेला माल. माल बाद झाला की फॉर्मवर कारण लिहायचं असतं, आणि त्या रकान्यात मी आजवर इतक्या वेळा ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलंय की पेन आपोआप चालतं. मशीन काय करणार बिचारं, हात माणसाचा असतो, हे माझं ठाम मत. घरी येतानाही ते मत गेटवर ठेवून येत नाही मी.

लेक अठराची. चार वर्षं झाली, कंपाउंड धनुष्यावर खेळते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: रामाच्या फोटोतलं धनुष्य वेगळं आणि हे वेगळं. याच्या दोन्ही टोकांना एकेक चाक असतं, त्याला कॅम म्हणतात. दोरी ओढली की दोन्ही चाकं फिरतात आणि शेवटाला केबलला टेकून थांबतात. तिथे दोरी पुढे येतच नाही. त्याला ही मुलं ‘भिंत’ म्हणतात. भिंतीला हात टेकवून नेम धरायचा आणि बाण सोडायचा. दोन्ही चाकं एकाच क्षणी टेकायला हवीत, मागेपुढे झाली तर बाण वरखाली जातो.

तिचे बाण दसऱ्यापासून वरखाली जात होते.

“आई, भिंत मऊ लागते गं,” ती म्हणायची. “एक चाक आधी टेकतंय बहुतेक.”

“चाक नाही, तुझा खांदा पडतोय. सकाळी साडेसहाला उठायचं, तर तू सातला उठतेस. भिंत मऊ नाही, तू मऊ आहेस.”

हे मी तिला चार महिने ऐकवत होते. जेवताना, स्कूटरवर, देवासमोर सुद्धा. तिच्या सरांकडे तीस मुलं, त्यातली बहुतेक साध्या धनुष्यावरची. त्यांनी काट्याला लावून ताण बघितला, बरोबर आला. “धनुष्य ठीक आहे, फॉर्म बघ,” म्हणाले. झालं! मला तर आयतं कोलीतच मिळालं.

डिसेंबरात तिने मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. परदेशातला कोणी म्हातारा घरच्या घरी लाकडाचा बोर्ड बनवून त्यावर धनुष्य आडवं बसवतो, विंचने, म्हणजे दांडा फिरवून पट्टा गुंडाळणाऱ्या चरकाने, दोरी हळूहळू ओढतो आणि दोन्ही चाकं कुठे थांबतात ते बघतो. हाताने ओढून धरलेलं धनुष्य स्वतःला बघता येत नाही, बोर्डवर येतं. “आपण करूया का? तुला तर येईल,” ती म्हणाली. मी मान वर करूनही पाहिलं नाही.

मग फेब्रुवारीत तो रविवार आला. निवड चाचणीला चौदा दिवस राहिले होते. ज्युनिअर गटातली तिची ही शेवटची. ग्राउंडवर तिने सहा बाण मारले, त्यातले दोन मधल्या पिवळ्या वर्तुळात, बाकीचे वर नाहीतर खाली. आणि माझं तोंड सुटलं. इतर आईबाप उभे होते, त्यांच्यादेखत मी म्हणाले, “तुझ्याच्याने होणार नाही हे. सोडून दे. आमचे आणि तुझे, दोघांचे रविवार वाचतील.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. धनुष्य स्टँडवर ठेवून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बोर्ड बनव, आई. दोन्ही चाकं एकदम टेकली तर मी धनुष्य ठेवते. कायमचं.”

“आणि नाही टेकली तर?”

“तर तू परत ग्राउंडवर यायचं नाहीस.”

“ठीक आहे,” मी म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. चार वर्षं पाणी, टोपी, केळी घेऊन उन्हात उभी राहणारी मी, आणि मलाच ग्राउंड बंद! बनवते म्हटलं बोर्ड. असा बनवते की त्यावर अर्ध्या मिलिमीटरचीही शंका राहणार नाही.

सोमवारी कारखान्यातून सुटल्यावर मशीनच्या पॅकिंगचं पाइनचं लाकूड विकणाऱ्याकडे गेले. दोन जाड फळ्या एकमेकींवर ठेवून बोल्टने आवळल्या. एका टोकाला धनुष्याची मूठ टेकायला लोखंडी पाइपचा तुकडा उभा केला, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली, मूठ खरवडू नये म्हणून. दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायची छोटी विंच. तिच्या पट्ट्याला हुक. तो हुक दोरीवरच्या छोट्या फासात अडकवायचा. मधे फळीवर पट्टी ठोकली, मोजायला. शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये ठोकाठोक. लेक वरून गॅलरीतून बघायची, खाली यायची नाही. आमचं बोलणं ‘पोळ्या झाल्यात’ आणि ‘दप्तर उचल’ इतकंच उरलं होतं.

हे एसटीत कंडक्टर आहेत, त्र्यंबकच्या गाडीवर. रोज दोनशे माणसांशी बोलून आलेला माणूस, घरात दोन बायका गप्प बघून कासावीस व्हायचा. “अगं, काय बनवतेस? लेकीला बांधून ठेवणार का याच्यावर?” म्हणायचे. मी हसले नाही.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर धनुष्य खाली आणलं. चाचणीला आता सातच दिवस. तिने स्वतः ते बोर्डवर आडवं ठेवलं, मूठ पाइपला टेकवली, हुक फासात घातला. एकदा घातला, काढला, पुन्हा घातला.

हुक सुटला तर काय होईल ते तिने बापाला सांगितलं. बाण न लावता दोरी सुटली की सगळा जोर धनुष्यातच जिरतो. धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्या फुटतात, चाक वाकतं, कधी तुकडा डोळ्यात जातो. आणि दुसरं धनुष्य नाही. म्हणजे चाकं टेकायच्या आधीच सगळं संपलं. मी हुकला जोडून आणखी एक जाड दोर बांधला, आणि सगळ्यांना बाजूला उभं केलं, समोर कोणी नको.

“चला, डबल बेल,” हे म्हणाले आणि विंचचा दांडा फिरवला.

टक. टक. टक.

वरच्या चाकावर माझी नजर, खालच्यावर तिचा मोबाइल. दोरी ताणत गेली. फळी करकरली. पाइपवरची ट्यूब दबत दबत चपटी झाली. यांच्या तोंडातले विनोद केव्हा थांबले कळलंच नाही, कपाळावर घाम आला होता. मधेच फासातला हुक केसभर सरकला, कट्कन आवाज झाला आणि आम्ही तिघंही जागच्या जागी गोठलो.

“सोडू का परत?” हे पुटपुटले.

“नको,” ती म्हणाली. “ओढ, बाबा.”

आणि तेव्हा कुठे, खरं सांगते, माझ्या लक्षात आलं. चाकं एकदम टेकली तर ही धनुष्य ठेवणार. तोंडातून काढलेला शब्द ही पोरगी मागे घेत नाही, माझ्यावरच गेलीये. चार वर्षांचं तिचं सगळं त्या दोन चाकांवर लटकलेलं, आणि लटकवलं कोणी? मी. हाय रे देवा, मी काय करून बसले! आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माल बाद निघू दे. मशीनच खोटं निघू दे.

टक. टक.

“वरचं टेकलं,” मी म्हणाले.

“खालचं नाही,” ती म्हणाली. “आई, खालचं अजून लांब आहे. बघ!”

बघितलं. पट्टी लावली. साडेतीन मिलिमीटर. कारखान्यात साडेतीन मिलिमीटरला मी मशीन बंद करून सुपरवायझरला बोलावते.

यांनी दांडा उलटा फिरवत एकेक दात मागे घेतला. ते सोडणं ओढण्याहून वाईट होतं, कारण विंचच्या दात्यांत अडकणारी खुंटी उचलून धरावी लागते आणि सगळा जोर मनगटावर येतो. दोरी सैल झाली तेव्हा हे तिथेच जमिनीवर बसले. लेकीने काही ‘बघितलंस?’ वगैरे म्हटलं नाही. “सरांना फोन लावते,” म्हणाली आणि रेंजसाठी गेटकडे गेली. हे पाणी प्यायला वर गेले.

मी एकटी. आता कारण शोधायचं, सवयच ती. धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या ज्या दोन मोठ्या बोल्टनी मुठीच्या सांगाड्याला आवळलेल्या असतात, ते दोन्ही सारखेच आवळलेले हवेत. व्हर्नियर लावला. सारखे नव्हते. खालचा जवळपास दीड आट्याने जास्त घट्ट. कोणी केला असेल हा गाढवपणा, म्हणून मोबाइलचा टॉर्च मारला.

खालच्या बोल्टच्या डोक्यापासून सांगाड्यापर्यंत एक बारीक पिवळी रेघ होती.

ती रेघ मी ओळखते. बोल्ट आवळून झाला की आम्ही पिवळ्या मार्करने अशी रेघ मारतो, म्हणजे तो नंतर हलला तर रेघ तुटलेली दिसते. माझी रेघ जराशी डावीकडे झुकते. कारखान्यात सगळे चिडवतात त्यावरून.

मग सगळं आठवलं. खांडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी मशीन चालत नाही. आदल्या दिवशी ते डिझेलने धुवायचं, एकेक बोल्ट बघून आवळायचा, मग झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी हात लावायचा नाही. घरी तेच मी धनुष्याला केलं होतं. पुसलं, खालचा बोल्ट सैल वाटला, ॲलन की घालून आवळला, रेघ मारली. वरचा आवळणार तेवढ्यात यांनी हाक मारली, “नैवेद्य थंड होतोय!” मी उठले. दोन्ही बोल्टना हळद लावली, कुंकू लावलं, आणि विसरले. खेळाडूचं धनुष्य म्हणजे लेथ नव्हे, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो, एवढं मला सुचलं नाही. वरच्या बोल्टला रेघ नव्हती. दसऱ्यापासूनचा सगळा घोळ त्या एका आवळण्यात होता.

लेक गेटजवळ पाठमोरी फोनवर बोलत होती. मार्करचा रंग नखाने खरवडला तर निघतो. दोन सेकंदांचं काम. आपोआप सरकला बोल्ट, असं म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? नख त्या रेघेवर ठेवलं सुद्धा मी. हे लिहितानाही लाज वाटते, पण ठेवलं.

ती परत आली. “सर म्हणाले, बोल्ट बघा आधी.”

“मी केलंय,” मी म्हणाले.

“काय?”

“खालचा बोल्ट. खांडेनवमीला मी आवळला. ही रेघ माझी आहे. वरचा राहिला.” “तुझा खांदा नव्हता गं. कधीच नव्हता. मी होते.”

तिने वाकून बघितलं. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडावंच असं मला वाटत होतं.

“मला ती हळद वाटायची,” ती म्हणाली. “कुंकू गेलं, वरची हळद गेली, ही एवढी राहिली. म्हणून पुसली नाही कधी.” आणि मग खाली बघत, “बाण वाईट जायला लागले ना, तेव्हा प्रत्येक बाणाआधी मी तिथे अंगठा टेकवायचे. तू लावलेली म्हणून.”

मी फळीवरच बसले आणि तोंडाला पदर लावून रडले. हे वरून तांब्या घेऊन आले, काय झालं विचारत राहिले. कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोन्ही बोल्ट सारखे केले. पुन्हा बोर्डवर घातलं, पुन्हा तेच टक टक. या वेळी चाकं एकदम टेकली. तिने ओलं फडकं घेऊन ती रेघ स्वतः पुसली.

चाचणीनंतरच्या निवड यादीत तिचं नाव आलं, शेवटून दुसरं. ते मला संध्याकाळी कळलं, कारण मी आत गेलेच नव्हते. शब्द तो शब्द. सकाळी स्कूटर लावून केळ्यांची पिशवी तिच्या हातात दिली आणि गेटबाहेर थांबले. ती आत गेली, दहा पावलं चालली आणि परत फिरली.

“मी आत येत नाहीये,” मी घाईघाईने म्हणाले. “इथेच उभी आहे.”

“माहितीये.” तिने धनुष्य गेटच्या गजांमधून माझ्यापुढे धरलं, खालचा बोल्ट माझ्याकडे करून. “हात लाव.”

बोल्ट स्वच्छ होता, त्यावर काहीच नव्हतं. मी अंगठा टेकवला. ती वळली आणि लाइनवर गेली.