आक्काचे सुतक

शाळेची मधली सुट्टी नुकतीच झाली होती. फाटकाशी कुणी बाई थांबली आहे, असे शिपायाने सांगितले म्हणून मी बाहेर आलो. रखमा उन्हात उभी होती. मला पाहून तिने पदर डोक्यावर ओढला. "मास्तर, बाय गेली... सकाळच्या पारी. तुमास्नी सांगाय दुसरं कुनी न्हाय, म्हून मी आले." माझी थोरली बहीण यमुना, आमची आक्का, गेल्याचे मला असे कळले.

घरी येऊन आईला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू लागले. "तिचं सुतक तेव्हाच फिटलं," ती म्हणाली.

परकर नेसायच्या वयात आक्का विधवा होऊन माहेरी आली. तेव्हापासून तिची दुनिया म्हणजे आमचे माजघर. मी परवचा म्हणे, धडे घोकी, ते ऐकून ऐकून ती वाचायला शिकली. एकदा जेवण वाढता वाढता तिने वडिलांना विचारले, "तात्या, माझा उपयोग काय?" तात्या शांतपणे म्हणाले, "पूर्वजन्मीचं फेडायला आली आहेस. फेड." त्यांनी ते रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. पुढे शेजारच्या घरी मिशनची मडम शिवण शिकवायला येऊ लागली आणि आक्काही दुपारची तिथे जाऊन बसू लागली. मडमेने तिला सांगितले, की देव कुणालाही शिक्षा म्हणून जन्माला घालत नाही. बास, एवढ्या एका वाक्यावर माझी बहीण घराबाहेर पडली. तिने बाप्तिस्मा घेतला त्याच आठवड्यात तात्यांनी तिला मेली समजून, ती जिवंत असतानाच, तिचे घटश्राद्ध घातले. भटजी आले, पाण्याचा घट पालथा झाला, आम्ही सगळ्यांनी अंघोळी केल्या. आक्का त्या वेळी हाकेच्या अंतरावर मिशनच्या शाळेत लहान मुलांना शिकवायचे कसे, ते शिकत होती.

नंतरची काही वर्षे तिची खरोखर आनंदात गेली, हे मला सांगितलेच पाहिजे. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सरकारने गावाबाहेर तारेच्या कुंपणात ठेवले होते. रोजची हजेरी, आणि पासाशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही. ती वसाहत मिशन चालवी, आणि तिथल्या पोरांची शाळा आक्काकडे होती. मी भेटायला गेलो की तिच्या अंगाखांद्यावर पोरे असत. "वासू," एकदा ती मला म्हणाली, "सकाळी जाग आली की मला उठावंसं वाटतं रे. पूर्वी वाटत नव्हतं."

गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला त्याच्या आदल्या वर्षी ते सगळे मोडले. रखमा त्या वसाहतीतलीच, कैकाडी समाजातली. अकलूजला तिची लेक बाळंतपणात अडली, असा निरोप आला. तिने पास मागितला, तो मिळाला नाही. आक्का तिच्यासाठी पाद्रीसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, "आज एकीला सोडलं तर उद्या सगळ्या मागतील." तेव्हा आक्काने रखमाला आपल्याबरोबर घेतले, सरळ फाटकातून बाहेर काढले आणि सर्व्हिस मोटारीत बसवले; स्वतःही शेजारी बसली. पहारेकऱ्याला वाटले, बाईंबरोबर आहे म्हणजे परवानगी असेलच. दोघी पोचल्या तेव्हा लेक शुद्धीवर होती. तिने आईच्या मांडीवर प्राण सोडला. मूलही वाचले नाही.

परत आल्यावर रखमाला तुरुंग झाला आणि आक्काचे काम गेले. रविवारी उपासनेत सर्वांसमोर पश्चात्ताप व्यक्त केला तर पुन्हा घेऊ, असे तिला सांगण्यात आले. आक्का उभी राहिली. मिशनचे देऊळ भरलेले होते. ती म्हणाली, "आईला लेकीजवळ नेल्याचा मला पस्तावा होत नाही. होत नसताना झाला म्हटलं, तर ते मात्र पाप होईल." आणि खाली बसली. त्या रविवारपासून तिच्या बाकावर दुसरे कुणी बसेनासे झाले. ती मात्र दर रविवारी जात राहिली.

मी तिला म्हटले, "आता तरी घरी ये."

"कुठल्या घरी? तिथं तर मी मेलेली आहे."

"मग हा धर्म तरी कशाला धरून बसलीस? यांनी काय वेगळं केलं?"

"मी पाद्रीसाहेबांकडे आले नव्हते रे," ती एवढेच म्हणाली.

वसाहतीच्या कुंपणालगत विणकरांच्या आळीत तिने खोली घेतली. लोकांचे कपडे शिवून ती पोट भरी. शेवटी शेवटी खोकल्याने तिचा सापळा झाला होता. अखेरच्या भेटीत मी विचारले, "आक्का, ज्यासाठी गेलीस ते मिळालं का?" विचारू नये ते विचारले खरे, पण मला 'हो' ऐकायचे होते. ती हो म्हणाली असती तर मला सगळ्यांना क्षमा करता आली असती... "मिळालं असं छातीवर हात ठेवून नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "पण खोटं होतं, असंही नाही." एवढ्यावर मला दिवस काढायचे आहेत.

तिच्या पेटीला खांदा द्यायला मात्र गर्दी झाली. तिच्या बाकावर बसायला जे कचरले, तेच पुढे होते. पाद्रीसाहेबांनी तिला प्रभूची विश्वासू सेविका म्हटले. ते ढोंग नव्हते, याचाच मला अधिक संताप आला. हजेरीची वेळ झाली म्हणून रखमाला माती पडण्याआधीच निघावे लागले. मी दफनभूमीच्या कुंपणाला टेकून उभा होतो. मला यांच्यात जागा नव्हती आणि माझ्या घरी सुतक नव्हते.

परवा तिची खोली रिकामी करायला गेलो. त्या खोलीला कडी नव्हती. राहायला आली त्याच दिवशी आक्काने ती उपटून टाकली होती. "आतून नको आणि बाहेरूनही नको," असे ती घरमालक नरसय्याला म्हणाली होती. आळीतले लोक हसले होते, चोरांच्या कुंपणाशेजारी राहून बाई कडी काढते म्हणून. कुणीही यावे, दार ढकलावे, आत जावे, अशी तिथली रीत. मीही इतकी वर्षे तसाच आत गेलो.

परवा सवयीने दार ढकलले. ते उघडले नाही. वर पाहिले तर नवी कोरी कडी आणि तिला कुलूप.

"थांबा मास्तर," नरसय्या हातमागावरून उठत म्हणाला, "किल्ली आणतो."