दाराशी थांबलेले गाणे

माध्यान्हसंध्या आटोपून मी आसन गुंडाळीत होतो, तोच कुसुमचा फोन आला. "गुरुजी, आजी गेली. तुमी या..." मग ती म्हणाली, "पन मंत्र नको."

कुसुम ही बदलापूरच्या शाळेतील माझी संस्कृतची विद्यार्थिनी. तिची भागीआजी चामटोलीपलीकडच्या आदिवासी डोंगरवाडीत राहत असे. दोन वर्षांपूर्वी उल्हासनगरात वाढलेल्या एका सिंधी दिग्दर्शिकेने वाडीतल्या मुलीच्या मोठे होण्यावर चित्रपट केला. मुलगी झाली कुसुम, आजी झाली भागीआजी. नावेही त्यांचीच ठेवली. वाडी जशी आहे तशीच दिसावी, हा दिग्दर्शिकेचा आग्रह. तरीही आजीच्या अंत्यविधीच्या दृश्यासाठी तिने मला मंत्र म्हणायला बोलावले, आणि त्यात काही वावगे आहे असे मलाही वाटले नाही.

त्या दिवशी भर दुपारी अंगणात तिरडी बांधली होती. भागीआजी तीवर निश्चल पडली होती, नाकात कापूस, कपाळी कुंकू. तिचा पाळलेला कुत्रा कुंपणापाशी गुरगुरत राहिला, जवळ येईना. मी पहिला मंत्र उच्चारला आणि प्रेताने डोळे उघडले.

"या भटाला कोनी बोलावला? आमच्यात मेल्यावर भट येत नाय, गाना असतो."

सगळे हसले. ती हसली नाही. वाडीत ते गाणे येणारी ती एकटीच होती. मेलेल्याचे नाव घेऊन त्याला वाट सांगायची : झरा, आंबा, बारवी नदीचा उतार, आणि शेवटी पूर्वजांचे दार.

दिग्दर्शिका अजिजीने म्हणाली, "आजी, आप ही गा दो ना. आवाज नंतर लावू."

"माज्याच मढ्यावर मीच गाऊ?" आजी बराच वेळ नाकातला कापूस बोटांत चुरगाळीत बसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "नाय गायली तर पिक्चरमदी हा बामन गाईल. मंग लोकांना वाटंल, आमी असंच मरतो."

आणि ती गायली. मात्र दारापाशी आली तशी थांबली. "फुडचा नाय गानार. नाव माजाच लागलाय त्यात." चाळीस वर्षे मी मंत्र शिकवले, पण ते कोठे म्हणू नयेत, हे मला त्या अंगणात कळले.

आता त्याच अंगणात ती पुन्हा निजली होती. गाणारे कोणी उरले नव्हते. कुसुमने मोबाइल तिच्या उशाशी ठेवला... आणि भागीआजीचा आवाज भागीआजीला हाक मारू लागला. बायकांनी तोंडाला पदर लावले. झरा आला, आंबा आला, बारवीचा उतार आला. दार आले, आणि आवाज तुटला.

मग एक म्हातारा माझ्या कानाशी कुजबुजला, "म्हना कायतरी, गुरुजी. तशीच भाईर ऱ्हाईल ना ती!" मंत्र ओठांशी आलाच होता. दाराबाहेर कोणा जिवाला तिष्ठत ठेवणे माझ्या श्रद्धेला मानवणारे नव्हते. मी कुसुमकडे पाहिले. तिने फक्त मान हलवली... नाही. मी ओठ मिटले. आजवर केलेल्या अनुष्ठानांपैकी इतके कठीण एकही नव्हते.

"तिनं गाव सगला पोचवलाय," कुसुम म्हणाली. "तिला काय दार दावायचा? ढकलील ती." तिने स्वतः तिरडीला खांदा दिला.

ती पोचली की नाही, हे सांगण्याचा अधिकार माझ्या शास्त्राला नाही. परंतु हल्ली रोजच्या तर्पणात पितरांची नावे संपली, तरी माझ्या ओंजळीत थोडे पाणी उरते. तिचे नाव मी घेत नाही. पाणी आपोआप गळून जाईपर्यंत डोळे मिटून बसतो. तेव्हा पाठीशी कोणीतरी येऊन उभे राहिल्यासारखे वाटते... मी वळून पाहत नाही. आसनावर थोडा सरकून बसतो.