कंसातलं कारण

म्हात्रे बाई गेल्याची बातमी मला कुवेतहून आली. बाई राहायच्या पेणला, मी राहते रोह्याला लागून असलेल्या वरसेला. मधे एसटीचा तास-दीड तासाचा रस्ता. आणि सकाळी डबा भरता भरता फोनवर नफिसाचा निरोप, ‘बाई गेल्या गो.’ नफिसा म्हणजे माझी शाळेतली शेजारीण, लग्नानंतर कुवेतला गेलेली. अशा वेळी माणसाला आधी रडू येतं. माझ्या मनात आधी आलं ते हे, की हिला माझ्या आधी कसं कळलं? लिहायला लाज वाटते, पण स्वभावाला औषध नाही. मी एका कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासते. बाटलीवरची चिठ्ठी खरी धरायची नाही, आत काय आहे ते बघायचं, यावर माझं पोट भरतं. ही सवय लावली बाईंनीच. रडू आलं ते दुपारी, हातात एक साधी प्लॅस्टिकची पट्टी आली तेव्हा... आणि मग शिफ्ट संपेपर्यंत थांबलं नाही.

तीसेक वर्षांपूर्वी बाई आम्हाला रोह्याच्या शाळेत नववीला भूमिती शिकवायच्या. रोज पेणहून यायच्या-जायच्या. इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. वर्गात नवी पट्टी आली की आधी तिची झडती. कागदावर रेघ मारायची, पट्टी उलटी फिरवायची, त्याच दोन टोकांतून पुन्हा रेघ मारायची. दोन रेघांमध्ये फट दिसली की पट्टी वाकडी. स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा त्या असंच करत, त्यामुळे दुकानदार त्यांना लांबून पाहूनच पट्ट्यांचा डबा मागे सरकवायचा. गंमत अशी, की घरी सगळा कारभार नजरेवरचा. पेणला त्यांच्या यजमानांचा गणपतींचा कारखाना, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी यजमान स्वतः करायचे, ना पट्टी ना माप. ‘त्यांच्या डोळ्यावर देव उभा राहतो,’ बाई म्हणायच्या, ‘पण भूमिती नाय उभी राहत.’ म्हणून फळ्यावरच्या आकृत्या त्या मुद्दाम वाकड्या काढत. समांतर रेषा म्हणून काढलेल्या दोन रेघा अशा तिरप्या, की हातभर पुढे नेल्या तर एकमेकींवर आदळाव्यात. कुणी हसलं की म्हणायच्या, “डोळ्यांना विचारू नको. पक्षात काय दिलंय ते वाच.”

समांतर रेषांच्या धड्यात तर त्यांना चेवच यायचा. दोन रेषा समांतर असतील आणि तिसरी त्यांना छेदून गेली, तर व्युत्क्रम कोन सारखे होतात, हे झालं प्रमेय. ते कुणालाही पटतं. पण उलटं? कोन सारखे असतील, तर रेषा समांतर असतात का? हा झाला व्यत्यास, आणि बाईंच्या लेखी तो नवीन माणूस होता, त्याची ओळखपाळख पहिल्यापासून करून घ्यायची. “पेणहून रोह्याला जाणारी एसटी वडखळवरून जाते, व्हय ना? म्हणून वडखळला दिसलेली कुठलीबी गाडी पकडलीस तर? अलिबागला जाऊन बसशील!” वर्ग हसायचा. व्यत्यास खरा असेलही, पण प्रमेय खरं आहे म्हणून तो खरा ठरत नाही, त्याची सिद्धता वेगळी द्यावी लागते, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहावं लागतं. ज्या ओळीला कारण नाही ती ओळ बाई वाचतच नसत.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. सहामाहीला नेमका हाच व्यत्यास आला होता. पेपर बाहेरून छापून आलेले, त्यामुळे आकृतीही छापील, नेटकी, दोन रेषा अगदी रुळांसारख्या. पहिली ओळ मी लिहिली आणि दुसरीला अडकले. माझा वर्गात पहिला नंबर असायचा. मी अडकते हे मला मान्यच नव्हतं. शेजारी नफिसा भराभर लिहीत होती. मी पाहिलं. एकच ओळ पाहिली आणि उतरवली. ‘दिसतेच आहे की कोन ब आणि कोन क समान आहेत’, आणि कंसात, ‘संगत कोन’. संगत कोन समान व्हायला रेषा आधी समांतर असाव्या लागतात, आणि तेच तर सिद्ध करायचं होतं. म्हणजे जे दाखवायचं तेच धरून चाललेली ओळ. चुकीची. माझी अक्कल अशी, की चोरली तीही खोटी वस्तू.

पेपर वाटायच्या दिवशी बाईंनी दोन पेपर वेगळे ठेवले. एकच चूक, एकच ‘दिसतेच आहे की’. बाईंच्या वर्गात ‘दिसतेच आहे’ लिहिणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं, आणि ते एका बाकावर दोघींनी केलेलं. “नक्कल झालीय,” बाई म्हणाल्या. “नफिसा, उभी राहा.” पहिल्या नंबराची मुलगी कशाला नक्कल करील, असं त्यांनी धरलं असणार. नफिसा उभी राहिली. मी बसून राहिले. चांगली पाच-दहा मिनिटं ती उभी होती आणि बाई बोलत होत्या, आणि मी बाकावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेला बदाम बघत होते.

मग नफिसाच बोलली. “बाई, नक्कल केली तर उत्तरं सारखी येतात, ते खरं हाय. पण उत्तरं सारखी आली म्हणजे नक्कल केलीच, हे कुठं सिद्ध झालं? हा व्यत्यास झाला, बाई. तुम्ही वडखळला गाडी बघून रोह्याचं तिकीट काढताय.”

बाईंनी खडू खाली ठेवला, पदराला हात पुसले, आणि म्हणाल्या, “बरोबर.” हा शब्द त्या वर्षातून दोन-तीनदाच वापरत. “माझ्याकडं सिद्धता नाय. म्हणून आता तुमच्याकडनं घेते. ही ओळ का लिहिलीस?” नफिसा धडाधड सांगत सुटली. बाई आकृती नेहमी वाकडी काढतात. या पेपरात ती सरळ होती. मग तिला वाटलं, ज्या अर्थी सरळ आहे त्या अर्थी रेषा समांतर दिलेल्याच आहेत. बाईंना हसू आवरेना. वाकड्या आकृत्यांच्या शाळेत शिकलेली मुलगीच ही चूक करू जाणे. मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तू?”

“मलाही... तसंच वाटलं, बाई.”

“तसंच म्हणजे कसं?”

मी डस्टरकडे पाहत राहिले. बाईंनीही माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाल्या, “बस खाली.” दोघींना सारखे गुण मिळाले. विषय संपला.

पण माझ्यापुरता तो संपला नाही. त्या दिवसापासून बाईंनी मला जिथे गाठलं तिथे एकच प्रश्न विचारला, “कारण?” सायन्स घेतलं, कारण? नोकरी धरली, कारण? मी लग्नाची पत्रिका द्यायला पेणला गेले तर नवऱ्या मुलाचं नाव वाचून चष्म्यावरून पाहत, “हाच का गो? कारण?” सगळे हसले, मीही हसले. बाईंना माहीत आहे की काय? की सगळ्यांनाच असं विचारतात? मी लपून चौकशा केल्या. जुन्या मैत्रिणींना सहज म्हणून विचारलं, ‘तुला बाई कारण विचारतात का गं?’ कुणी हो म्हणाली, कुणी नाही. त्यातून काहीच सिद्ध होईना. दर गणपतीत मूर्ती आणायच्या निमित्ताने मी बाईंकडे जायचे, चहा प्यायचे, आज सांगून टाकू असं ठरवायचे, आणि मूर्ती मांडीवर घेऊन तशीच परत यायचे. बाई दारापर्यंत येऊन उभ्या राहत. काहीतरी ऐकायचं राहिलंय असं त्यांचं ते उभं राहणं... मला त्याचाही संशय यायचा.

दहाव्याला पेणला गेले. कारखान्यात बिनरंगाच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, कामं थांबलेली. बाईंच्या सुनेने चहा दिला. म्हणाली, “नफिसाताईंचा दर ईदला फोन असायचा आईंना. तुमचं नाव निघायचंच.” मी कप खाली ठेवला. “काय बोलायच्या?” “तसं काय नाय. आई हसायच्या, अन् विचारायच्या, ‘नाय ना अजून?’ तिकडनं त्या काय म्हणत ते आम्हाला ऐकू यायचं नाय.”

परतीच्या एसटीत वडखळ कधी गेलं, नागोठणं कधी गेलं, मला कळलं नाही. घरी येऊन चपला न काढता कुवेतला फोन लावला. “नफिसा, सहामाहीच्या पेपरात ती ओळ मी तुझी बघून लिहिली होती,” एका दमात म्हणाले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“म्हायत हाय गो,” ती म्हणाली. “तू अडकलीस ते दिसत होतं. मीच कोपर बाजूला घेतलं होतं.”

जिने कोपर बाजूला घेतलं, तीच उभी राहिली होती, आणि मी बदाम बघत होते. “मग तू मला का वाचवलंस?” मी कसंबसं विचारलं.

“तुला कुठं? मी मलाच वाचवत होते!” ती हसली. मग हळू म्हणाली, “बाईंनी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं, माझी माफी मागितली. म्हणाल्या, ‘तिला मी नाय विचारणार. ती आपणहून सांगंल, तेव्हाच ते खरं.’ दर ईदला विचारायच्या गो, ‘नाय ना अजून?’ या ईदलाबी विचारलं. मी म्हटलं, ‘नाय बाई, सांगंल ती.’”

या ईदला. बाई गेल्या त्याच्या काही आठवडे आधी. बाईंच्या दारात मी दर वर्षी उभी होते, आणि त्या फक्त दोन शब्दांची वाट पाहत होत्या. उभा जन्म मी त्यांच्यावर संशय घेतला; माझ्याबद्दलचा त्यांचा भरवसा मात्र माझ्या ध्यानातही आला नाही. फार वाईट वाटतं. रागही येतो, बाईंचा आणि माझा.

मी कागद टाकत नाही. तो पेपर दाखल्यांच्या फाइलीत अजून आहे. त्या रात्री काढला. दुसऱ्या ओळीपुढे कंसातले ‘संगत कोन’ बाईंनी लाल शाईने खोडलेत, आणि शेजारी त्यांच्या टोकदार अक्षरात ‘कारण?’. त्याखाली त्यांनी नवा कंस काढून ठेवला आहे, रिकामा. इतकी वर्षं मला वाटायचं, ती त्यांची रीत असेल. मी पेन घेतलं आणि त्या कंसात लिहिलं, ‘नफिसाचं बघून’.